निकाल लागला? आता उत्तरपत्रिका बाहेर काढा: नव्या नर्सिंग ट्यूटरसाठी

इंटर्नलचे (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचे) पेपर तपासून झाले. चाळीस मुलींच्या वर्गात सतरा नापास. प्राचार्य मॅडमचा निरोप आलाय, 'कारणं लेखी द्या.' शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो, "अहो, अभ्यासच करत नाहीत. रात्री एक-एक वाजेपर्यंत हॉस्टेलमध्ये रील्स बघत बसतात." तुम्ही नव्या. तुम्हीही 'अभ्यासाचा अभाव' एवढं लिहून सही करता आणि चहाला जाता.

पहिली दोन-तीन वर्षं मीही तेच लिहीत होते. एकदा तर मी भर वर्गात एका मुलीला सुनावलं होतं, "घरच्यांचे पैसे वाया घालवायला आलीस का?" मेडिकल-सर्जिकलच्या पेपरात हार्ट फेल्युअरवर १५ मार्कांचा प्रश्न होता, आणि तिला त्यात ३ मिळाले होते. ती खाली मान घालून उभी राहिली. चार दिवसांनी मेल मेडिकल वॉर्डात राउंडला गेले, तर तीच मुलगी एका आजोबांच्या मुलाला समजावून सांगत होती: "दादा, बाबांचं हृदय म्हणजे पंप समजा. पंप थकलाय. पाणी पुढे ढकललं जात नाही, मागे साचतंय. म्हणून पाय सुजलेत, आडवं झालं की दम लागतो. म्हणून मीठ कमी, पाणी मोजून द्यायचं, आणि रोज सकाळी एकाच वेळी वजन करायचं. वजन एकदम वाढलं तर पाणी साचतंय असं समजायचं." मी पडद्याआड उभी राहून ऐकत होते. १५ पैकी निदान ९ मार्कांचं उत्तर ती बोलून गेली होती. तिला येत होतं. माझ्या पेपरात ते उतरलं नव्हतं, आणि का उतरलं नाही हे मी तिला विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून निकालानंतर मी काय करते, ते क्रमाने सांगते. विद्यार्थ्यांनी वाचलं तरी चालेल, बरंचसं एकट्यानेही करता येतं.

आधी नियम स्वतः वाचा

हे कंटाळवाणं काम आहे, पण चुकीची माहिती सांगून मुलीचं वर्ष घालवण्यापेक्षा बरं. बी.एस्सी. नर्सिंगला भारतीय परिचर्या परिषदेचा २०२१ चा सुधारित अभ्यासक्रम आहे, आठ सेमिस्टरचा. आपल्याकडे परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. बहुतेक विषयांत थिअरीला इंटर्नल २५ आणि विद्यापीठाचा पेपर ७५. मुख्य विषयांत थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात. ज्या विषयाला प्रॅक्टिकल आहे त्यात एका बाजूला नापास झालं तर दोन्ही पुन्हा द्यावं लागतं, हे निम्म्या मुलींना निकालानंतर कळतं. हजेरी ८० टक्के. क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे तास मात्र पदवी हातात पडण्याआधी पूर्ण, म्हणजे १०० टक्के भरून द्यावे लागतात. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं बोर्ड वेगळं आहे, त्यांची नियमपुस्तिका वेगळी मागून घ्या. सीनियर मुलींच्या तोंडून आलेले नियम खरे धरू नका, त्यांत तीन बॅचचे नियम एकत्र झालेले असतात.

मग मुलीला बोलवा, आणि पेपरही

एकेकीला अर्धा तास. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको. लायब्ररीचा कोपरा किंवा रिकामी डेमो रूम चालेल. फक्त मार्कलिस्ट घेऊन बसलात तर अर्धा तास 'अभ्यास कर, हो मॅडम' यातच जाईल. उत्तरपत्रिका हवीच. इंटर्नलच्या तुमच्याच कपाटात असतात. विद्यापीठाच्या पेपरसाठी निकालानंतर निघणारं परिपत्रक आणि त्यातली मुदत बघा, ती लवकर संपते.

पहिलं वाक्य महत्त्वाचं. "काय झालं गं?" असं विचारलं की ती रडते किंवा "अभ्यास कमी पडला मॅडम" म्हणते, कारण तेच ऐकायची आपल्याला सवय आहे हे तिला माहीत असतं. मी म्हणते, "हे बघ, ७५ पैकी २९ पडलेत. म्हणजे ४६ गेले. ते कुठे गेले ते आपण दोघी शोधू." हिशेब म्हटलं की डोळे पुसले जातात.

गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर तिलाच पेन्सिलने खूण करायला लावायची. खुणा चारच. 'न' म्हणजे खरंच येत नव्हतं. 'भ' म्हणजे येत होतं पण इंग्रजीत मांडता आलं नाही. 'प्र' म्हणजे प्रश्नच वेगळा समजला. 'वे' म्हणजे वेळ पुरला नाही, कोरं राहिलं. 'न' आणि 'भ' यांत घोळ होतो, तिथे एकच चाचणी: पुस्तक मिटवा आणि म्हणा, "हेच मला मराठीत सांग, तुझ्या आईला सांगतेस तसं." सांगता आलं तर 'भ', नाही तर 'न'.

त्या २९ वालीचा हिशेब असा निघाला: 'न' १२, 'भ' १५, 'प्र' ८, 'वे' ११. पास व्हायला तिला ९ मार्क कमी होते, आणि कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांतच ११ गेले होते. ती स्वतःच म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी ढ नाहीये?" आता पुढची पायरी कोणती, हे जिच्या ज्या खुणा जास्त त्यावर ठरतं. सगळ्यांना सगळं करायला लावू नका.

'भ' जास्त असेल तर

महाराष्ट्रात हा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा निघतो, निदान माझ्या वर्गात तरी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि जीएनएमला तर बारावी आर्ट्स करून आलेल्याही मुली असतात. यकृत, वृक्क, स्वादुपिंड, प्लीहा हे सगळं त्यांनी शाळेत वाचलेलं आहे. इथे तेच लिव्हर, किडनी, पॅनक्रिआस, स्प्लीन होऊन समोर येतं आणि मुलगी सगळं नवीन समजून शून्यापासून घोकायला बसते.

पहिल्या आठवड्यात एक वही करायला लावा. डावीकडे शब्दाचे तुकडे, उजवीकडे मराठी. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. झालं, कोलेसिस्टेक्टॉमी. शेवटी आयटिस आलं की सूज-दाह, ओटॉमी म्हणजे चीर देणं, ऑस्टॉमी म्हणजे तोंड करून ठेवणं. असे साठ-सत्तर तुकडे आले की वर्षभराचे निम्मे शब्द ओळखीचे होतात. हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) मात्र लाल पेनने लिहून घ्या. घाईच्या अक्षरात दोन्ही सारखे दिसतात, आणि पोटॅशियमच्या उत्तरात एक अक्षर बदललं की सगळं उत्तर उलटं होतं.

दुसरं, वाक्यं छोटी. मुलींना वाटतं गाइडमधलं लांबलचक इंग्रजी वाक्य जसंच्या तसं आलं पाहिजे. मधला एक शब्द विसरला की पुढची गाडी थांबते. आमच्या वर्गात नियम आहे: एका वाक्यात एकच गोष्ट, आठ-दहा शब्द. 'चेक वेट डेली ॲट द सेम टाइम.' याला पूर्ण मार्क मिळतात. तपासणाऱ्याला तुमचं साहित्य नको असतं, मुद्दा हवा असतो.

आणि वर्गात आधी मराठीत समजावायला लाजू नका. समजावणं मराठीत, लिहिणं इंग्रजीत. काही कॉलेजांत 'इंग्लिश मीडियम आहे' म्हणून मराठी बोलल्यावर डोळे वटारले जातात. मी ते मनावर घेणं सोडून दिलंय.

'प्र': प्रश्न काय मागतोय

इथे मुलगी मेहनत करून मार्क घालवते, म्हणून जास्त वाईट वाटतं. 'एन्युमरेट' म्हणजे नावं सांगा, 'डिफाइन' म्हणजे व्याख्या, 'डिफरन्शिएट' म्हणजे दोन रकाने पाडून फरक. 'एन्युमरेट द फंक्शन्स ऑफ लिव्हर', २ मार्क. यावर एका मुलीने दीड पान लिहिलं होतं, आकृतीसकट. त्याच पेपरात १५ मार्कांना पाऊण पान.

दुसरा नेहमीचा घोटाळा नर्सिंग मॅनेजमेंटचा. प्रश्नात पेशंटचं वय, तक्रार, निदान दिलेलं असतं आणि नर्सिंग मॅनेजमेंट मागितलेलं असतं. मुलगी औषधांची यादी, ऑपरेशनचे प्रकार, सगळं वैद्यकीय उपचाराचं लिहिते आणि शेवटी दोन ओळी 'गिव्ह सायकॉलॉजिकल सपोर्ट'. कारण पुस्तकात तो भाग आधी येतो आणि पाठ झालेला असतो. तिला विचारा, "डॉक्टर राउंड घेऊन गेले. आता सकाळी आठ ते दुपारी दोन तू काय करणार?" जे सांगेल तेच उत्तर. हार्ट फेल्युअरचंच घ्या: उशाला टेकवून बसवणं, ऑक्सिजन सांगितल्याप्रमाणे, इनटेक-आउटपुट चार्ट, रोजचं वजन, सूज दाबून बघणं, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजणं आणि ती ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवणं. मग हे नर्सिंग डायग्नोसिसच्या, म्हणजे नर्सने ओळखलेल्या पेशंटच्या अडचणीच्या खाली बसवायचं: 'एक्सेस फ्लुइड व्हॉल्यूम' खाली हे, 'ॲक्टिव्हिटी इनटॉलरन्स' खाली ते. वॉर्डात केअर प्लॅन लिहितात तसंच.

पेपरात प्रश्नातल्या क्रियापदाखाली आणि मार्कांखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावा. एवढ्याने मोठा फरक पडतो.

'वे': घड्याळ

७५ मार्क, ३ तास. शेवटची पंधरा मिनिटं वाचायला ठेवली तर १६५ मिनिटं उरतात, म्हणजे मार्काला साधारण सव्वादोन मिनिटं. २ मार्कांना पाच मिनिटं, ५ मार्कांना अकरा-बारा, १५ मार्कांना अर्धा तास. हे आकडे डेस्कवर चिकटवून एकच प्रश्न घड्याळ लावून लिहून घ्या, आठवड्यातून दोनदा. वेळ झाली की पेन खाली. पहिल्या वेळी सगळ्या ओरडतात. लिहायचा हातच बसलेला नसतो, कारण वर्षभर त्यांनी वाचलेलं असतं, लिहिलेलं नसतं.

डोसची गणितं

यावर वेगळं लिहिते, कारण इथे मुली पेपरात मार्क घालवतात आणि उद्या वॉर्डात पेशंट.

ऑर्डर: हेपॅरिन ३००० युनिट. वायलवर लिहिलंय १ मिलीत ५००० युनिट. किती मिली काढणार? एका मुलीने लिहिलं १.६६. 'डिझायर्ड अपॉन हॅव' (हवा तो डोस भागिले हातात आहे तो) असं सूत्र शिकवलेलं, तिने 'हॅव अपॉन डिझायर्ड' केलं. मी सूत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, "५००० युनिटला १ मिली, तर ३००० युनिटला किती?" ती हसली. "मॅडम, हे तर त्रैराशिक." पाचवी-सहावीतलं. पुढच्या मिनिटाला ०.६ आलं. सूत्राचं इंग्रजी नाव ऐकून तिला ते कॉलेजचं काहीतरी अवघड वाटलं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी अंदाज: ३००० हे ५००० पेक्षा कमी, म्हणजे उत्तर १ मिलीच्या आत. मग त्रैराशिक. मग उत्तर अंदाजाशी ताडून बघणं. १.६६ आलं की इथेच कळतं. लिहिताना ०.६ असं, आधी शून्य लावूनच, नुसतं .६ लिहिलं की टिंब दिसत नाही आणि सहा होतात.

सलाइनच्या थेंबांचंही तेच. ५०० मिली, ४ तासांत, सेटवर १ मिलीला २० थेंब. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२ थेंब. तासांची मिनिटं करायला विसरलेल्या एकीचं उत्तर होतं मिनिटाला २५०० थेंब. "अगं, नळ सोडलायस का?" सगळा वर्ग हसला, तीही. त्यानंतर मात्र तिचं उत्तर कधी चुकलेलं मला आठवत नाही. डेमो रूममध्ये खरं सलाइन लावून, घड्याळ धरून ४२ थेंब मोजायला लावा. डोळ्यांनी पाहिलेला वेग लक्षात राहतो. इन्सुलिनसाठी ४० युनिट आणि १०० युनिटच्या सिरिंज हातात द्या, दोन्हींवरच्या रेघा शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावा.

'न': खरंच येत नसेल तर

इथे अभ्यास हाच उपाय, पण कसला, ते सांगावं लागतं. हायलायटरने पान पिवळं करून पाचव्यांदा वाचणं म्हणजे अभ्यास नव्हे. वाचा, मिटवा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा, उघडून राहिलेलं लाल पेनने भरा. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. मुलींना हे आवडत नाही, कारण आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं.

वेळापत्रक देताना मुलीचा खरा दिवस विचारा. पहाटे आंघोळीची रांग, आठ ते दोन वॉर्डात पोस्टिंग, मेसचं जेवण, तीनपासून लेक्चर, संध्याकाळी प्रोसिजर बुक आणि केस स्टडी. यात 'रोज सहा तास अभ्यास' लिहून देणं म्हणजे चेष्टा. दीड तास मिळतो. तो ठरवा. आणि पोस्टिंगचे सहा तास अभ्यासात धरायला शिकवा: रोज एक पेशंट, त्याच्या केस पेपरमधलं एक औषध, एक तपासणी, एक 'असं का?' खिशातल्या छोट्या डायरीत तीन ओळी. डायबेटिसच्या पेशंटचा पाय ज्या मुलीने रोज ड्रेसिंग करून पाहिलाय, तिला फूट केअरचे मुद्दे पाठ करावे लागत नाहीत.

प्रॅक्टिकल

नव्या अभ्यासक्रमात ओस्कीची स्टेशनं (एकेका जागी ठराविक वेळात एकेक काम करून दाखवायचं) आली आहेत, चेकलिस्टप्रमाणे मार्क. मुली हाताने बरोबर करतात आणि तोंडाने काही बोलत नाहीत. पेशंटला सांगितलं का, परवानगी घेतली का, हे चेकलिस्टवर असतं. एकीने मला सांगितलं, एक्सटर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर इंग्रजीत बोलायला जमेना म्हणून ती गप्प राहिली. समोर कॉटवर बसलेल्या आजी मात्र मराठीच! पेशंटशी पेशंटच्या भाषेत बोलायचं, हाच तर धडा आहे. "आजी, बीपी बघते हं, हात सैल सोडा." एक्सटर्नलच्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर, पेशंटला मराठीत. याची तालीम मैत्रिणीला पेशंट करून, चेकलिस्ट तिसरीच्या हातात देऊन घ्या.

पेपरात न दिसणारं

सगळ्या खुणा झाल्या, तरी काही वेळा गणित जुळत नाही. आधी बरी असलेली मुलगी अचानक चारही विषयांत घसरते. तेव्हा पेपर बंद करून विचारा: झोप लागते का? जेवतेस का? घरी सगळं ठीक? मी हिमोग्लोबिनही तपासून घ्यायला सांगते. वॉर्डात सगळ्यांचे रिपोर्ट बघणाऱ्या आपल्या मुली स्वतःचा बघत नाहीत. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकलेला असतो, घरी लग्नाचं चाललेलं असतं, पहिला मृत्यू पाहून आलेली मुलगी आठवडाभर झोपलेली नसते. सगळं आपल्याला सोडवता येत नाही. पण जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं काही बोलली तर ते 'परीक्षेचं टेन्शन' म्हणून सोडू नका. एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचार विभागात स्वतः घेऊन जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे. हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावून ठेवा.

तीन आठवड्यांनी

पुन्हा बोलवा. त्याच धड्यावर वेगळा प्रश्न द्या, घड्याळ लावून, आणि पुन्हा खुणा करा. 'भ' कमी होऊन 'न' तेवढाच राहिला असेल तर आता त्याची पाळी. मार्क वाढलेच नसतील तर तुमचं निदान चुकलंय असं धरून पहिल्यापासून बसा.

आणि रिपीटरचा फॉर्म भरायची तारीख तुमच्या स्वतःच्या डायरीत लिहा, तिच्यावर सोडू नका. नापास झालेल्या मुली ऑफिसच्या खिडकीवर जायला लाजतात आणि तारीख निघून जाते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिची नाईट लागली आहे का, तेही बघा. ड्युटी बदलून हवी असेल तर इन्चार्ज सिस्टरना दोन आठवडे आधी भेटा. आदल्या दिवशी गेलात तर त्या ऐकणार नाहीत, आणि त्यांचंच बरोबर असेल.